गोधडीचा आहेर

लग्नसराई जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आहेर काय करायचा? पातळ द्यावं तर तिचं कपाट आधीच पातळांनी भरलेलं. भांडं द्यावं तर माळ्यावर जागा नाही. पाकिटात पैसे घालावेत, तर मंडप उतरायच्या आत ते वहीत लिहिले जातात आणि पुढच्या लग्नात तेवढेच आपल्याकडे परत येतात! मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला असा एक आहेर सुचवणार आहे की जो परत फिरवता येत नाही, दुसरीला खपवता येत नाही आणि ज्याची किंमत वहीत लिहायची सोयच नाही. हातानं शिवलेली गोधडी.

नाक मुरडलंत ना? मुरडणारच. गोधडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरिबी उभी राहते. ज्याला रजई परवडत नाही त्यानं गोधडी पांघरायची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक आधी गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळाठिगळांच्या वस्त्रामुळेच. बाबांनी ती ठिगळं जाणूनबुजून पत्करलेली होती, हे मात्र नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

आमचं पहूर जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. लेण्यांपुढून वाहणारी वाघूर नदी पुढे आमच्या गावाकडे येते. शाळेच्या सहलीबरोबर लेण्यांत गेले की मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. इथे राहणाऱ्या भिक्षूंचं चीवर तुकडे जोडूनच शिवलेलं असावं, असा त्यांच्या संघाचा नियम होता. लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या वेचून केलेल्या वस्त्राला तर 'पांसुकूल' असं खास नाव होतं, आणि ते नेसणं मानाचं समजत. मगध देशातली बांधाबांधांची शेतं पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच आकृतीचं चीवर शिवायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. तेव्हा तुकड्याला तुकडा जोडण्यात कमीपणा आहे हे आपलं खूळ अलीकडचं, जुन्यांचं नव्हे.

आता आमच्याकडची रीत सांगते. खानदेशात उन्हाळा म्हणजे भट्टी. पण शेतातलं काम तेव्हाच जरा उसंत देतं. कापूस घराबाहेर गेलेला, गहू-हरभरा निघालेला. सकाळच्या प्रहरी बिबड्या, कुरडया, पापड उरकायचे आणि दुपारी ओसरीत नाहीतर निंबाच्या सावलीत गोधडी पसरायची. त्यातच आखाजी येते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या भागात दिवाळीइतकाच तिचा मान, कारण लेकी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात, आणि झोक्यावरून उतरलेली लेक आईच्या शेजारी गोधडीच्या एका कडेला सुई घेऊन बसते. चार जणी चार कडांना बसल्या की तोंडाला कुलूप कोण लावणार? जे पत्रात लिहिता येत नाही आणि फोनवर सासरच्यांदेखत बोलता येत नाही, ते त्या गोधडीवर मान खाली घालून बोलता येतं. सुईकडे बघत बोलायचं असल्यानं कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. माझ्या मते गोधडीची अर्धी किंमत ह्यातच आहे. पण ते असो.

कापूस तर आमचाच, मग कापसाची रजई का नाही? रजईही होतीच. धनुकली घेऊन पिंजारी दारावर यायचा आणि दिवसभर तिचा तो 'टुंई टुंई' आवाज गल्लीभर चालायचा. पण रजईला नवा कापूस, नवं कापड, पिंजाऱ्याची मजुरी. गोधडीला लागतं ते जुनेर. दहा-बारा वर्षं धुवून धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं सुती लुगडं, धोतर, मुलाचा तोकडा झालेला सदरा. एके काळी जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. त्या कापडाचा शेवट गोधडीतच व्हायचा. कुठलंही कापड पहिल्या दिवशी मऊ नसतं, त्याला कुणीतरी नेसावं लागतं. बाजारातल्या गुबगुबीत पांघरुणाला हे साधत नाही ते ह्याच कारणानं.

कापड कुणाचं?

भेट म्हणून गोधडी द्यायची तर एक गोष्ट सगळ्यांत आधी ठरवा. रंग नव्हे, नक्षी नव्हे. कापड कुणाचं, हे ठरवा. दुकानातून नवे छापील तुकडे आणून, जुळते रंग लावून शिवलेली गोधडी दिसायला छानच दिसते. पण ती कुणालाही देता येते, म्हणून ती कुणाचीच नसते. जिला द्यायची तिच्या माणसांचं कापड त्यात असलं तरच त्या कष्टांना अर्थ. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न असेल तर मैत्रिणीकडे गुपचूप जा आणि मुलीचे लहानपणचे फ्रॉक, परकर मागा. बहुतेक आयांनी ते एका बोचक्यात बांधून ठेवलेलेच असतात. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत! नणंदेसाठी करायची तर सासूबाईंचं जुनं पातळ मागून घ्या. वन्संना आणि सासूबाईंना, दोघींनाही ते विसरता येणार नाही.

पण कुणाचं कापड, ह्यावरून घरात वादळही उठू शकतं, आणि ते मी अगदी जवळून पाहिलंय. आमच्याच गल्लीतली एक मैत्रीण. तिच्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेले, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात दोघींची आई गेली. बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेर म्हणजे आता थोरली बहीणच. तिनं ठरवलं की बाळंतविड्यातलं दुपटं आईच्या लुगड्याचं करायचं. आईनं शेवटची दोन वर्षं सतत नेसलेलं, बारीक हिरव्या काठाचं, विटून गेलेलं लुगडं होतं. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. बोलता बोलता फोनवर तिनं हे बहिणीच्या सासूबाईंना सांगितलं मात्र, आणि पलीकडून उत्तर आलं, "गेलेल्या माणसाचं कापड बाळाच्या अंगाला? नको वं बाई! आमच्यात नाही चालत."

मैत्रीण रडत माझ्याकडे आली. तिला वाटलं, आपल्या आईचा अपमान झाला. मला मात्र त्या सासूबाईंचा फारसा राग आला नाही. पहिलं नातवंड, त्यात घरात नुकताच मृत्यू झालेला. भीती वाटते माणसाला. भीती शास्त्राला विचारून येत नाही. आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घातला तर ते आणखी घट्ट होतं.

थोरलीनं वाद घातला नाही. आठवडाभरानं तिनं पुन्हा फोन केला आणि म्हणाली, "मावशी, दुपट्याला तुमचं एखादं जुनेर मिळेल का? बाळाला आजीच्या लुगड्याचं दुपटं हवं ना." पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग, "बघते," एवढंच. पुढे आठ-दहा दिवसांनी जावईबापू बायकोला भेटायला आले, त्यांच्या पिशवीत एक लुगडं. धुतलेलं, नीट घडी घातलेलं, आणि निरोप : "वरच्या बाजूला माझं लावा."

तसंच लावलं. वर सासूबाईंचं, बाळाच्या अंगाशी लागणारं. खाली साधं मांजरपाट. आणि मध्ये, पोटात, आईचं. दुपटं तीनच पदरांचं, त्यामुळे पातळ झालं. उजेडाकडे धरलं की आतल्या काठाची हिरवी रेघ दिसते. धाकटीला ते ठाऊक आहे. सासूबाईंना? त्यांनाही असणारच, बाळाची दुपटी रोज त्याच वाळत घालत. पण सुनेत आणि त्यांच्यात ह्या विषयावर आजवर एक अक्षर बोलणं झालेलं नाही. मुलगा आता पायावर चालतो आणि ते दुपटं ओढत घरभर फिरवतो.

तुमच्या घरी अशी भावना असेल तर तिची थट्टा करू नका. आपली इच्छाही मात्र सोडून देऊ नका. गेलेल्या माणसाचे कपडे आपण वाटून टाकतो, कुणाला तरी देऊन मोकळे होतो, आणि सहा महिन्यांनी त्या वासासाठी जीव तळमळतो. अमेरिकेत १९८७ साली एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक प्रचंड गोधडी शिवायला घेतली गेली. एकेका माणसासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा तुकडा. आई, बहीण, मित्र त्यावर गेलेल्याचं नाव घालत, त्याचे कपडे त्यात शिवत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे झाले होते. ज्या रोगाचं नाव घ्यायलाही तेव्हा कित्येक घरं लाजत होती, त्यानं गेलेल्यांची नावं तिथे उघड्यावर, उन्हात मांडली होती. आपल्याला मैदानं नकोत. पण वडिलांच्या दोन सदऱ्यांची आणि आईच्या एका पातळाची गोधडी भावंडांपैकी जो सगळ्यांत लांब राहतो त्याला पाठवून बघा.

हिशेब आधी, सुई नंतर

उत्साहाच्या भरात मोठी गोधडी हाती घेऊन ती अर्धवट माळ्यावर टाकणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. म्हणून आधी हिशेब करू. (शाळेत मी इतिहास-मराठी शिकवते, तरी एवढं गणित येतं!)

सुती नऊवारी म्हणजे २७ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे होतात, वर तीन फूट उरतात. ते ठिगळांना आणि कडेच्या पट्टीला. सहावारी १८ फूट, तिचे बरोबर तीन. पन्हा ४४ इंचांच्या आसपास धरला तर एका माणसाची गोधडी जोड न देता होते. पाच किंवा सहा पदर पुरेत. सातच्या वर गेलात तर सुई जात नाही आणि बोटं दुखून येतात. म्हणजे एक नऊवारी आणि एक सहावारी इतकं कापड घरात असलं की झालं.

आता टाके. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं तर ४४ इंचांत ८८ ओळी. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे एकूण ५२८ फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर पंचवीस हजारांच्या वर टाके झाले! जाड कापडातून मिनिटाला दहा टाके घालणारी बाई चांगल्या हाताची म्हणायची. तिलाही बेचाळीस तास लागतील. रोज दुपारी दोन तास बसलात तर तीन आठवडे. आणि पाहुणे, परीक्षा, कुणाचं आजारपण धरून दीड महिना. तेव्हा मे महिन्यातल्या लग्नाची गोधडी मार्चमध्ये सुरू करायला हवी. पहिल्यांदाच करत असाल तर बाळाचं दुपटं करा. तीन फूट बाय तीन फूट, तीन पदर. आठवड्यात हातावेगळं होतं आणि हुरूप येतो.

कापड निवडताना ते दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरा. धागे विस्कटून जाळी दिसली तर ते वर लावू नका, पोटात घाला. नायलॉन, टेरिलीन अजिबात नको. घाम शोषत नाही, सुईखालून निसटतं आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. जरीचे काठ काढून टाका, टोचतात. नवं कापड घालायचं असेल तर ते आधी दोनदा धुवून घ्या. जुनेर जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं मात्र पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी सुरकुतते. लाल खण आणि गर्द निळं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सांगतात. माझा त्यावर भरवसा नाही. रंग सुटत असला तर ते कापड दुसऱ्या कामाला काढावं हे बरं.

पदर एकावर एक घालताना जमिनीवर ओली फरशी पुसून, वाळवून, चटईवर पसरा. हातानं मध्यातून कडांकडे सारखं करत जा. मग सगळीकडे वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके. हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो चुकवलात तर मधोमध फुगा आलाच म्हणून समजा. पक्की शिवण दोन तऱ्हांनी करतात. एक, सरळ ओळींनी. दुसरी जुनी तऱ्हा, कडेनं सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत मध्यावर यायचं. मला दुसरी आवडते. शेवटची फेरी तळहाताएवढी उरते तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून प्रत्येकाला एकेक टाका घालायला लावावा. आमचे 'हे'सुद्धा घालतात, वाकडा का होईना!

दोरा जाड, सुती. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. ओवताना हातभराहून लांब घेऊ नका. बोटात अंगुस्तान घाला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : बसताना सुया मोजा, उठताना पुन्हा मोजा. बाळाच्या दुपट्यात मोडक्या सुईचं टोक राहिलं तर काय होईल ते मी लिहायला नको.

बाळाबद्दल आणखी दोन गोष्टी. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं कापड तसंच वापरू नका. त्या गोळ्यांमुळे काही नवजात बाळांच्या रक्तावर परिणाम होऊन कावीळ होते, असं डॉक्टर सांगतात. दोनदा धुवा, दोन दिवस कडक उन्हात टाका. त्याऐवजी वाळलेला निंबाचा पाला घालून कपडे ठेवावेत हे उत्तम. आणि वर्षाच्या आतल्या बाळावर जाड गोधडी पांघरू नये. ती नाकातोंडावर आली तर त्याला दूर सारता येत नाही. म्हणून बारशाला द्यायची ती पातळ हवी, गोधडी जाड असली तर 'मोठा झाल्यावर पांघरायला' म्हणून सांगून द्या.

शिवून घ्यायची असेल तर

सगळ्यांनाच वेळ नसतो, हे मी मान्य करते. हल्ली गावोगाव टेम्पो येतो, मागे शिलाई मशीन आणि वर कर्णा : जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल. बघता बघता शिवून हातात. रोजच्या वापराला ती मजबूत असते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मशीनचे टाके बारीक आणि घट्ट, त्यामुळे ती जरा ताठ होते, इतकंच.

पण हाताची हवी असेल तर प्रत्येक गावात एखादी तरी म्हातारी असते, जिचा हात ह्यात बसलेला आहे. तिच्याकडे जा, आणि जाताना वरचा हिशेब डोक्यात ठेवून जा. बेचाळीस तास म्हणजे आठ तासांचे पाच दिवस झाले, शिवाय कापणं, पसरणं, कच्चे टाके वेगळे. म्हणजे निंदणीला जाणाऱ्या बाईला तुमच्या गावात जो रोज मिळतो, त्याच्या सहापट तरी तिच्या हातावर पडायला हवेत. प्रत्यक्षात आपण काय करतो? "बसल्या बसल्या तर शिवायचंय, म्हातारीला तेवढाच विरंगुळा," असं म्हणून दोन दिवसांच्या मजुरीत गोधडी घरी आणतो. त्याच गोधडीला शहरातल्या दुकानात हस्तकला म्हणून चिठ्ठी लागली की मुकाट्यानं पैसे मोजतो. मला ह्याची चीड येते. विरंगुळा तिचा तिला ठरवू द्या. आणि भेट देताना सांगा, की ही अमक्या आजींनी शिवली. त्यांचं नाव सांगा.

इतर प्रांतांत ह्या कामाला नाव आहे, ओळख आहे. बंगालच्या बायका जुन्या साड्यांचे पदर एकत्र करून काथा शिवतात आणि पूर्वी नक्षीचा दोराही साडीच्या काठातून ओढून काढत. बिहारची सुजनी अशीच, तीही जुन्या साड्यांचीच. आपल्याला जवळचं म्हणजे कर्नाटकातलं कारवार-हल्याळकडचं. तिथल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात आणि तिच्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. कोपऱ्यात फूल नसेल तर गोधडी नागडी राहिली असं त्या समजतात. मला हे फार आवडलं. मी आता माझ्या गोधड्यांना कोपऱ्यात एकेक फूल लावते.

शाळेतली गोधडी

एकटीला एवढं काम झेपत नसेल तर ते वाटून घ्या. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या आमच्या एक बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाल-श्रीफळाऐवजी आम्ही गोधडी दिली. आठवीच्या मुलींना सांगितलं की घरातून नऊ इंची चौरस तुकडा आणा, सुती, जुना. नऊ इंचांत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे आठ उरतात. सहा गुणिले सहा, छत्तीस तुकडे, चार फूट बाय चार फूट. भोवती चार-चार इंचांची पट्टी.

काय काय आलं म्हणून सांगू! आजीचं इरकल, बहिणीचा परकर, एकीच्या अम्मीच्या ओढणीचा तुकडा, एकीच्या वडिलांचा खांद्यावरचा रुमाल, त्याला कापसाच्या जिनिंगमधला वास. एक मुलगी तीन दिवस काहीच आणेना. चौथ्या दिवशी तिनं गणवेशाच्या निळ्या स्कर्टचा तुकडा आणला. मी विचारलं, "स्कर्ट फाटला का गं?" तर म्हणाली, "नाही बाई. आईनं लांबी कमी केली. खालून काढला." तो तुकडा आम्ही मधोमध लावला. मध्य धरला तर छत्तिसांत मधोमध असा एक चौकोन येत नाही, चार येतात; उरलेले तीन तिच्या तीन मैत्रिणींचे.

बाईंनी ती गोधडी समारंभात उघडली तेव्हा भाषण थांबवून त्या एकेक तुकड्यावर बोट ठेवून हा कुणाचा, हा कुणाचा, असं विचारत राहिल्या. पाहुण्यांना उशीर झाला. होऊ द्या!

कुणाला देऊ नये, तेही सांगून टाकते. ज्या घरी आहेर मांडून मोजला जातो तिथे देऊ नका. तिथे पाकीटच बरं. नव्या सुनेला सासरच्या लोकांदेखत, रुखवतात मांडून देताना विचार करा. कुणी "जुनेर दिलं" म्हणालं तर ऐकून घ्यावं लागतं तिला, तुम्हांला नाही. तिला ती मागाहून, ती माहेरपणाला आली की तिच्या हातात द्या. आणि जिच्याशी आपलं बिनसलंय तिला समेटासाठी म्हणून गोधडी पाठवू नका. बेचाळीस तासांचं ओझं एखाद्यावर टाकून "आता बोल माझ्याशी" म्हणणं काही बरं नव्हे. आधी बोला, मग शिवा.

देताना चकचकीत कागद नको. जुन्याच साडीच्या तुकड्यात बांधा आणि एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर छोटा नकाशा काढा : वरचा डावा कोपरा, आत्याचं चंद्रकळेचं पातळ, मधला पट्टा, बाबांचा लग्नातला सदरा, कडेची पट्टी, तुझा पाचवीतला फ्रॉक. शिवणारीचं नाव आणि साल. खाली धुण्याची सूचना : पहिल्यांदा एकटीच धुवावी, थंड पाण्यात, कमी साबणानं. पिळू नये, दोघींनी दोन टोकं धरून पाणी निथळू द्यावं. भिजली की ती फार जड होते, तेव्हा दोरीवर न टाकता गच्चीच्या कठड्यावर किंवा खाटेवर पसरावी. उलट बाजू उन्हाकडे. टाका उसवला तर त्याच दिवशी घालावा. दोऱ्याची एक छोटी गुंडी मी चिठ्ठीलाच टाचून देते.